मूठभर म्हणजे कुणाची मूठ?

माझ्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहेत. सव्वीस वर्षं झाली. जिन्याखाली त्यांची खोली. खोली कसली, कपाटच ते! एक टेबल, एक खुर्ची आणि नोंदींचं रजिस्टर. कुठल्या वॉर्डचा कुठला नंबर ते सगळं तोंडपाठ. चेहऱ्यानं त्यांना कुणी ओळखत नाही, पण भाजीच्या दुकानात "टोमॅटो कसे दिले?" एवढं विचारलं, तरी मागचा माणूस म्हणतो, "हॉस्पिटलच्या बाई का हो तुम्ही?"

माझी लेक झाली तेव्हा हे परगावी कामावर होते. यांना बातमी वन्संनीच फोनवर दिली, आणि देताना इतक्या रडल्या की हे तिकडे मटकन खालीच बसले.

यंदा वन्संच्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, पण आधी आठ किलो उतरवा. चार महिने देतो." बसथांब्यापासून खोलीपर्यंत जायला त्यांना तीनदा थांबावं लागायचं. ऑपरेशन झालं नाही तर नोकरी सुटणार, हे आम्ही कुणी तोंडानं बोलत नव्हतो इतकंच. मी रोज सकाळी देवापुढे बसले की आधी तो गुडघाच आठवायचा.

जेवणाचं मी बघितलं असतं. खरा वैरी होता दुपारचा चारचा ठोका. तेव्हा भेटीची वेळ सुरू होते, फोनला उसंत नसते, आणि नेमके तेव्हाच पोटात कावळे ओरडतात. म्हणून ड्रॉवरमध्ये कायम बिस्किटांचा पुडा.

"बिस्किटंच का पण?" मी विचारलं.

"अगं, ती तोंडात विरघळतात. आवाज होत नाही. कुणाचा बाप आत पडलेला असतो, तो घाबरून फोन करतो, आणि मी इकडे कुरुमकुरुम करत बसू?"

सव्वीस वर्षं त्या बिस्किटं आवडीनं खातात, असं मी समजत होते. त्या दिवशी माझ्या हिशेबाच्या वहीत लिहिलं, "खाऊ हलका हवा, पोट भरणारा हवा, आणि मुका हवा."

गाजराचे तुकडे दिले. एक आजोबा म्हणाले, "बाई, तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का?" काकडी दिली, तर तिचं पाणी रजिस्टरवर सांडून अख्खा बाळंतिणींचा वॉर्ड पुसला गेला. मक्याच्या लाह्या दिल्या. एक टरफल घशात अडकलं आणि वन्सं अशा खोकल्या, की पलीकडची बाई म्हणाली, "माझं राहू द्या, आधी तुम्ही डॉक्टरांना दाखवा."

शेवटी तिथल्याच आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, "उकडलेले शेंगदाणे घ्या. पण मूठभरच हं." मऊ, मुके, पोटाला आधार देणारे. मी देवाला हात जोडले. शेंगदाणे उकडायचे मी, आणि मी पूजेत असताना डबा भरायचे हे. हे गवंडी आहेत, पहाटेच निघतात. "माझ्या ताईचा डबा मी भरणार," म्हणाले.

महिना झाला. काट्यावर दीड किलो वाढलं.

वन्सं त्या दिवशी जेवल्या नाहीत. "राजीनामा लिहून दे गं मला," म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं आहे." मी लिहिला नाही. खोटं का बोलू, वही मात्र उघडली होती.

दुसऱ्या दिवशी पूजा लवकर आटोपली म्हणून स्वयंपाकघरात आले. बघते तर यांचा हात पातेल्यात. तो हात म्हणजे फावडंच. एका मुठीत डबा काठोकाठ भरला!

"अहो, हे काय?"

"मूठभर. एकच घातली, देवाशपथ!"

"कुणाची मूठ?"

हे आपल्या हाताकडे बघत राहिले. मी वन्संना हाक मारली आणि त्यांची मूठ भरून डब्यात टाकायला लावली. डब्याचा तळसुद्धा झाकला नाही. वन्संनी भावाकडे बघितलं. "मेल्या, मला मारायला निघाला होतास की काय?" म्हणाल्या आणि महिन्याभरानं पहिल्यांदा पोट धरून हसल्या. यांचा चेहरा मात्र उतरला. "मला वाटलं, ताई उपाशी राहील," एवढंच बोलले.

पण एवढ्याशानं पोट भरायचं कसं? उरलेल्या डब्यात मी फ्लॉवरचे तुरे वाफवून घातले, वर लिंबू आणि मिरपूड. मऊ असले तरी एकेक तुरा चावायला वेळ लागतो, तेवढ्यात भूक दमते. वासाची काळजी होती, पण वन्सं म्हणाल्या, "फोनमधून वास जात नाही, ही देवाचीच कृपा!" पुढे कधी दुधी, कधी मश्रूम. पुडा ड्रॉवरमधून आपोआप गेला. कधी गेला, त्याची वहीत नोंदसुद्धा नाही.

काल चार महिने पुरे झाले. साडेसात किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी काटा बघितला, कागद बघितला. मी मनात जप धरला होता.

"अर्ध्या किलोचं काय करायचं, बाई?"

"तारीख द्या," वन्सं म्हणाल्या, "तोवर तेही घालवते."

डॉक्टर हसले. तारीख दिली, पुढच्या महिन्याची वीस.

बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. देवाचे आभार मानू, त्या आहारतज्ज्ञ बाईंचे मानू, की यांच्या त्या वेड्या मायेचे, काही सुचेना. वन्सं मात्र भिंतीला टेकून विचारात पडल्या होत्या.

"काय झालं हो? दुखतंय का?"

"नाही गं," त्या म्हणाल्या, "वीसला माझ्या खुर्चीत कोण बसणार, ते आधी बघायला हवं. त्या नव्या मुलीला अजून वॉर्डांचे नंबर पाठ नाहीत."