चाकं उघडतील का?

आमच्या रबाळ्याच्या कारखान्यात भंगार आणि किस्से दोन्ही रोज साठतात. भंगार न्यायला टेम्पो येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते मीच वाटत फिरते!

आम्ही देशी लढाऊ विमानासाठी एक व्हॉल्व्ह बनवतो. मुठीत मावेल एवढा. उतरताना विमानाची चाकं उघडायची ती याच्या जिवावर. आमचे बॉस लेलेसाहेब. वय साठीच्या पुढे, स्पीड रोड रोलरचा.

*

माझा इंटरव्ह्यू. मी डिग्रीची फाइल पुढे सरकवली. त्यांनी ती उघडलीच नाही. एक तेलकट व्हॉल्व्ह हातात दिला. "पुसून दाखव."

मी भडकले. "सर, मी इंजिनियर आहे. पुसायला माणूस ठेवा!"

"ठेवला ना," लेलेसाहेब म्हणाले. "उद्यापासून ये."

*

आईने सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत सांगून टाकलं, पोरगी विमानाच्या कंपनीत लागली. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू हजर. "आम्हाला दिल्लीचं तिकीट स्वस्तात मिळेल का गं? खिडकीजवळचं?"

"काकू, आमच्या विमानात सीटच एक आहे."

"मग काय झालं? मी एकटीच जाणार आहे!"

*

तोपर्यंत आमचा व्हॉल्व्ह फक्त नमुन्याचा. विमानात खरा बसणार होता तो परदेशी. एके दिवशी फॅक्स आला, परदेशी कंपनीने माल पाठवणं बंद केलं. म्हणजे आता आमचा व्हॉल्व्ह पास झाला तर विमान उडणार, नाहीतर हँगरमध्येच उभं राहणार.

लेलेसाहेबांनी फॅक्स वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "चहा सांगा."

"सर, विमान अडकलंय आणि तुम्हाला चहा सुचतोय?"

"तूही पिऊन घे. आता बरेच दिवस गरम मिळणार नाही."

खरंच मिळाला नाही. कप भरायचे, साय धरायची, कोणी हात लावायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी घरी जाणारा माणूस म्हणजे हाच रोड रोलर!

*

खंडेनवमीला सगळ्या मशिनांची पूजा झाली. आमचे लेथवाले म्हात्रेमामा, घणसोली गावातले. त्यांनी भक्तिभावाने तयार व्हॉल्व्हवरही हळदकुंकू वाहिलं. धुतलेल्या, पुसलेल्या, पॅकिंगसाठी मांडलेल्या!

लेलेसाहेबांचा चेहरा कुंकवापेक्षा लाल. "म्हात्रे, हे काय?"

"साहेब, इमानान मानूस बसनार हाय. देवाचा हात नको का त्याला?"

लेलेसाहेब बाह्या सरसावून आमच्याबरोबर स्वतः व्हॉल्व्ह उघडून धुवायला बसले. शेवटचा पुसून झाल्यावर म्हणाले, "म्हात्रे, देवाचा हात खोक्यावर. आत फक्त तेल."

*

नापास पार्ट साहेब स्वतः हातोड्याने फोडतात, म्हणजे तो चुकूनही पुन्हा चांगल्या मालात शिरणार नाही. एकदा टेस्टला एका व्हॉल्व्हमधून तेलाचा एक थेंब आला. मी म्हटलं, "सर, नियमात एवढं चालतं!"

"काल हा कोरडा होता. आज थेंब. उद्या?"

"उद्याचं उद्या बघू ना!"

"उद्या हा हवेत असेल," ते म्हणाले आणि हातोडा मागितला.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना फार शांत वाटलं म्हणे!

*

शेवटी सगळ्या टेस्ट पार पडल्या. खोकं सील करायचं बाकी होतं, तेवढ्यात विमान उडवणारे टेस्ट पायलटच कारखान्यात आले. कोल्हापूरकडचे, उंच, मिशीवाले. त्यांनी हो म्हटलं तर माल विमानात बसवायला बंगलोरला जाणार होता. रिपोर्टची फाइल त्यांनी शांतपणे वाचली, मिटली. मग विचारलं, "फायनल पास कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. लेलेसाहेब भिंतीला टेकून उभे होते. म्हात्रेमामांनी लेथ बंद केलं.

पायलटने व्हॉल्व्ह तळहातावर घेतला. मुलीला विचारावं तसं विचारलं, "काय गं, चाकं उघडतील का माझी?"

फाइल पाठ होती मला. प्रत्येक आकडा. कारखान्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून 'हो' काही निघेना.

"सर," मी म्हटलं, "अजून एकदा तपासू?"

त्यांनी लेलेसाहेबांकडे बघितलं. व्हॉल्व्ह जपून खोक्यात ठेवला आणि टोपी घातली.

"लेलेसाहेब, माल पाठवून द्या."