गफूरनं मारलेलं कापड

१९९३ साली मी अडतीस वर्षांचा होतो. भूकंपात गाव बसलं अन् आम्ही सगळे पत्र्याच्या शेडात आलो. शेजारच्या शेडात गफूर शिंपी. त्याची मशीन ढिगाऱ्यात गेली, पण सदऱ्याच्या खिशातनं शंकासुराच्या शेंगा निघाल्या. आमच्या दर्ग्यापुढं गुलाबी फुलांचं झुडूप होतं, त्याच्या. एकेक बी दगडावर घासून त्यानं शेडाभोवती टोचलं. मी म्हणालो, "घर न्हाई, दार न्हाई, अन् फुलं कसली लावून राहिलास?" तो म्हणाला, "घर सरकार देईल, अप्पा. ये रंग कौन देता?"

मी चौथी शिकलेला माणूस, पण दिसलं ते सांगतो. शंकासुराची शेंग झाडावरच वाळावी लागते. हिरवी तोडली तर बी पोचट निघतं, अन् वाळली की उन्हात तडकून बी पार गल्लीत उडतं. म्हणून गफूर कातरणाच्या लहान लहान पिशव्या शिवून शेंगांना बांधायचा. हंगाम सरला की धुऊन ठेवायचा, पुढच्या साली त्याच काढायचा. माझ्या लेकीच्या लग्नात त्यानं माझा सदरा शिवला, तो आखूड झाला. मी चारचौघांत म्हणालो, "कापड मारलंस." तो म्हणाला, "कापड तुमच्या पोटानं खाल्लं, अप्पा." पुढं तीस वर्षं आमचं हेच चाललं... दोघंही हटलो न्हाई.

पक्की घरं झाली तशी शेडं मोडली, झुडपंही गेली. लातुरात क्लासेस वाढले, तेव्हा गफूर तिकडं जाऊन होस्टेलांचे पडदे शिवू लागला. तिथल्या घराच्या अंगणात तेवढं एक गुलाबी झुडूप त्यानं त्याच बियाचं वाढवलं.

तो गेल्याचा फोन मला नांदेडला, पोराच्या घरी आला. तेव्हापासून बसलं की उठावं वाटतं, उठलं की कुठं जावं कळत न्हाई... चाळिसाव्याला लातूरला गेलो. गफूरचा सलीम म्हणाला, "अप्पा, उद्या जेसीबी येणार. अंगणात क्लासच्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या काढायच्यात."

"शेंगा हिरव्या हायत."

"मग तोडून न्या की."

"नेऊन काय, भाजी करू?"

"एका झुडपापायी काम थांबवू का, अप्पा? आज उद्या करत अब्बाच थांबले, अन् राहून गेलं."

त्याचंही खोटं नव्हतं. मी झुडपापाशी गेलो. पिशव्या तशाच बांधलेल्या. पडद्याच्या कापडाच्या, गणवेशाच्या, अन् मधे एक विटकी, निळ्या रेघांची... रेघ मी ओळखली. माझ्या सदऱ्याची. म्हणजे मी खरं बोललो होतो. कापड त्यानं मारलंच होतं. हे आता सांगावं कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडची गाडी जाऊ दिली. भाभीकडून, गफूरच्या बायकोकडून, खुर्ची मागून घेतली अन् झुडपाच्या बुडाशी टाकून बसलो. जेसीबीवाला आला, म्हणाला, "बाबा, सरका." मी म्हणालो, "वरती माझं कापड हाय. त्यातली शेंग वाळल्याबिगर मी उठत न्हाई."