स्टिअरिंगवरचे हात

कोल्हापूरजवळच्या ट्रॅकवर जुन्या, स्वस्तातल्या गाड्यांची दिवसभर चालणारी शर्यत होती. माझा दादा दातांचा डॉक्टर. भंगारातली गाडी मित्रांबरोबर खपून दुरुस्त करून तो हौसेने उतरला होता. त्याच ट्रॅकवर शर्यतींवरच पोट असलेले कसलेले ड्रायव्हरही होते.

दुपारी वळणावर एका गाडीचं टायर फुटलं आणि ती आडवी झाली. मागून दादा आणि एक कसलेला ड्रायव्हर येत होते. तिला चुकवताना दोघेही ट्रॅकच्या कडेच्या भिंतीकडे फेकले गेले. मी कुंपणाला चिकटून उभी होते. आदळण्याच्या क्षणभर आधी त्या ड्रायव्हरने स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हात छातीशी आवळून घेतले. मग पत्रा फाटल्याचा आवाज झाला, काचा उडाल्या, जळक्या रबराचा वास नाकात घुसला.

तो ड्रायव्हर स्वतःच्या पायांनी बाहेर आला. दादाला ओढून काढावं लागलं. धडकेने गरकन फिरलेल्या स्टिअरिंगने त्याची दोन्ही मनगटं मोडली होती. उजव्या हाताचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं.

"सोडायचं ना हो, डॉक्टर," दादाचं डोकं मांडीवर घेत तो ड्रायव्हर कळवळून म्हणाला. "धडक टळत नाही म्हटल्यावर हात काढून घ्यायचे."

पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला हे आधी शिकवतात. जीव लावून चालवणाऱ्याला कोण शिकवणार?

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी रडत, रागाने विचारलं, "का धरून ठेवलंस, दादा?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं, वाटलं, अजून वळेल."