दुसऱ्या नंबरच्या मुलीचा एक्स-रे

पहिल्या नंबरच्या मुलीच्या मनगटाचा एक्स-रे मला काढायचा होता. दुसरा नंबर माझ्या मुलीचा होता. आणि तक्रार करणाऱ्या पालकांत माझा नवरा सगळ्यात पुढे होता.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहे. प्लेट काढणं माझं काम, ती वाचणं डॉक्टरांचं. आमचे साहेब हाडांचे डॉक्टर, त्यामुळे वाचायला बाहेर पाठवावी लागत नाही.

प्रकरण लांब उडीचं होतं. चौदा वर्षांखालच्या मुलींचा गट. माझी मयूरी चांगली उडते. पण त्या दिवशी डोंगरातल्या एका आश्रमशाळेची रमिला तिच्यापेक्षा वीतभर पुढे पडली. रमिला उंच, लांब पायांची, खांदे रुंद. विभागीय स्पर्धेला एकीलाच पाठवणार होते. मैदानावरच पालकांत कुजबुज सुरू झाली, की ही पोर चौदाची नाही.

घरी जेवताना मिस्टर म्हणाले, "ती पोर चौदानी शे का? माले त सतरानी वाटस."

"शाळेचा दाखला शे ना तिन्हा," मी म्हटलं.

"दाखलावर एक जून शे. त्याले काय अर्थ शे?"

त्यात खोटं काही नव्हतं. घरी जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष लिहितात आणि तारीख एक जून टाकतात. डोंगरातल्या कित्येक मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो.

मयूरी ताटातला भात चिवडत होती. तिने विचारलं, "ती बाद झाली तर मी जाणार का?"

 उत्तर मिस्टरांनी दिलं. "जाशी."

रमिलाचं वय तपासून द्या, असं स्पर्धा घेणाऱ्यांचं पत्र आमच्या रुग्णालयात आलं, तेव्हा मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, हे काम मी करणं बरोबर नाही. तक्रार आमच्या घरातून गेलीय. ही मुलगी बाद झाली तर माझी जाणार."

"दुसरा टेक्निशियन डेप्युटेशनवर आहे. तुम्हीच काढा. मी तिथे उभा राहतो."

"मग माझ्या मुलीचाही काढू द्या. पहिलीचा आणि दुसरीचा, दोघींचा. वाचताना दोन्ही सारख्याच नजरेने वाचा."

साहेबांनी चष्मा काढला. "तिच्यावर तक्रार नाही. विनाकारण एक्स-रे का?"

"मनगटाचा डोस अगदी कमी असतो, साहेब. आणि उद्या कोणी म्हणायला नको, की टेक्निशियनने स्वतःच्या पोरीचं भलं केलं."

त्यांनी थोडा विचार केला आणि होकार दिला.

मिस्टरांना हे आवडलं नाही. "आपली पोरना कसाले? तिन्हा जन्मदाखला शे."

"मग भ्याले काय व्हयनं?" मी म्हटलं. दाखला आहे तर घाबरायचं कशाला, हे त्यांनाही पटलं. मयूरीला विचारलं तर ती म्हणाली, "काढ. मला बघायचंय आत कसं दिसतं."

मनगटच का, ते सांगते. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ मऊ कूर्चेचा थर असतो. हाड तिथून लांब होतं. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून तिथे काळी फट दिसते. वाढ संपत आली की फट बुजते. बोटांच्या टोकांकडच्या फटी आधी बुजतात, मनगटाची सगळ्यात शेवटी. हातात लहान-मोठी बरीच हाडं असल्याने एकाच प्लेटवर बरंच कळतं. डॉक्टर ती नमुन्याच्या चित्रांशी ताडून बघतात आणि अंदाज देतात. अंदाज हा शब्द महत्त्वाचा. तो पुढे आमच्याच घरी लागू पडला.

रमिला वडिलांबरोबर आली. पहाटेच डोंगरातून निघाले होते. बाहेरच्या एकाच बाकावर एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला माझे मिस्टर. वडिलांना मराठी थोडी समजायची, बोलता यायची नाही. मिस्टरांनी विचारलं, मुलगी कधी जन्मली. त्यांनी आपल्या पावरी बोलीत सांगितलं, रमिलाने मराठी केलं.

"बाबा सांगतो, आमच्या घरावर कौलं काढून पत्रे टाकले, त्या पावसाळ्यात."

मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बघ, म्हणाल्यासारखं.

आत आल्यावर रमिला मशीनकडे बघत उभी राहिली. मी तिला शिशाचा एप्रन बांधला. तो किरण अडवतो. त्याच्या वजनाने ती जराशी वाकली.

"दुखंल का?"

"नाही. फोटो काढतो तसंच. हात पालथा ठेव, बोटं थोडी फाकव."

तिचा हात टेबलावर ठेवताना मला तळवा लागला. खरखरीत होता. पण बोटं लहान मुलीची होती. मी ती एकेक करून फाकवली.

"मला पाठवणार नाय का?" तिने हळूच विचारलं.

"ते माझ्या हातात नाही," मी म्हटलं. ते खरंही होतं.

मग मयूरी आली. टेबल तेच आणि एप्रनही तोच. ती उत्साहात होती.

दोन्ही प्लेटा साहेबांनी स्क्रीनवर शेजारी लावल्या. नावं झाकायला मीच सांगितलं होतं. पहिलीवर ते फार वेळ थांबले नाहीत.

"फटी सगळ्या उघड्या. बारा-तेरा. तक्रारीत काही दम नाही."

ती रमिलाची होती. मला हायसं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, किंचित वाईटही वाटलं. आईच आहे मी.

दुसऱ्या प्लेटवर ते पुढे झुकले.

"ही पंधराच्या आसपास. बोटांच्या टोकांकडच्या बुजल्यात, बघा. ही कोणाची?"

"मयूरीची."

ते माझ्याकडे वळले. "तिचं वय?"

"तेरा पूर्ण व्हायचीत. याच दवाखान्यात झाली, साहेब. मी स्वतः इथे कळा दिल्यात."

"पाळी लवकर आली का?"

"पाचवीत असताना."

"मग बरोबर आहे. अशा मुलींची हाडं वयाच्या पुढे जातात. वर्ष-दोन वर्षांचा फरक नेहमीचा. काळजीचं काही नाही."

काळजी मला त्याची नव्हती. मी विचारलं, "साहेब, हीच प्लेट रमिलाची असती तर?"

त्यांनी पुन्हा प्लेटकडे पाहिलं.

"तर मी पंधरा लिहिलं असतं," ते म्हणाले. "आणि ती घरी गेली असती."

"खरी चौदाच्या आतली असूनही?"

"तुमच्याकडे जन्मदाखला आहे. तिच्याकडे एक जून आहे."

बाहेर येऊन मी मिस्टरांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. आधी त्यांना कळेचना.

"म्हणजे आपली पोर मोठी शे?"

"मोठी नही. लवकर वाढी ऱ्हायनी. पण उद्या कोणी तिन्हावर तक्रार करी, अन् आपलाकडे दाखला नही ऱ्हायना, त काय करतस?"

ते बाकाकडे बघत राहिले. रमिलाचे वडील मुलीला शेंगदाणे सोलून देत होते.  नंतर कळलं, मिस्टर स्पर्धेच्या लोकांकडे जाऊन तक्रारीवरचं आपलं नाव खोडून आले. रिपोर्टमुळे त्याची गरज उरली नव्हती. तरी गेले.

खरी अडचण घरी आली. मयूरीने आमचं बोलणं ऐकलं होतं.

"माझी हाडं म्हातारी आहेत का?"

"नाही. घाईत आहेत."

"मग मी आता वाढणार नाही? रमिला वाढत राहील आणि मी इथेच?"

 प्लेट बघून लोकांना काय सांगायचं नाही, ते मला शिकवलेलं आहे. स्वतःच्या मुलीला काय सांगायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. तिला समोर बसवलं.

"थोडी वाढशील. रमिलाएवढी नाही वाढणार बहुतेक."

ती रडली. मी रडू दिलं. तेवढ्यात मिस्टर आत आले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले. "बेटा, उडी फक्त उंचीनी ऱ्हास का? तुन्हा सर काय म्हणतस?"

"माझा रन-अप चुकतो म्हणतात. उडी घ्यायच्या फळीच्या आधीच पाय पडतो."

"मंग ते त सुधारता येस ना."

दुसऱ्या दिवसापासून मयूरी सकाळी मैदानावर जाऊ लागली. मिस्टर सोबत जायचे. फळीजवळ उकिडवे बसायचे आणि पाय कुठे पडतो तेवढंच सांगायचे. शेतावर उशिरा जायचे, त्याबद्दल मजूर कुरकुरायचे.

रमिला विभागीय स्पर्धेला गेली. तिथे तिला नंबर मिळाला नाही. पुढच्या वर्षी जिल्ह्यात पुन्हा तीच पहिली आली, आणखी उंच होऊन. मयूरी पुन्हा दुसरी, पण अंतर वीतभरावरून चार बोटांवर आलं होतं. या वेळी उडी संपल्यावर मिस्टरांनी रमिलासाठीही टाळ्या वाजवल्या. जोरात नाही, पण वाजवल्या.

वयाच्या तक्रारींची पत्रं अजून येतात. बहुतेक मुलींबद्दलच, आणि त्यांत डोंगरातल्या जास्त. अशा वेळी मी पालकांना प्लेट काय सांगते आणि काय सांगत नाही, ते समजावते. मग साहेबांच्या संमतीने एवढंच विचारते, की तक्रार करणाऱ्याच्या मुलीचाही एक्स-रे सोबत काढायचा का.

बहुतेक पालक घरी विचारून सांगतो म्हणतात आणि परत येत नाहीत.