पाटी लागायच्या आधी

वन्सं गेल्या तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. मी, माझा मुलगा सुधीर, सून वैशाली आणि नात रेवा. रविवार होता म्हणून चौघं तरी होतो, नाहीतर एरवी दुपारी मी आणि वन्संच. सुधीर आतल्या खोलीत फोनवर बोलत होता, वैशाली कपडे घडी करत होती, मी चहा टाकायला उठले होते. रेवा वन्संजवळ बसली होती. ती म्हणाली, "आजी, आत्याआजी उठत नाहीयेत." मी म्हटलं, झोपू दे ग, डोळा लागला असेल. टीव्ही चालूच होता. चहा उकळला, मी गॅस बंद केला, बाहेर आले... आणि मग कळलं.

दीड महिना झाला. लोक भेटायला येतात, म्हणतात छान मरण आलं, कुणाला त्रास नाही, खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. मी हो म्हणते. पण त्या खुर्चीत बसल्या होत्या तेव्हा, जायच्या तासभर आधी, मी त्यांच्याशी खोटं बोलले होते. हे घरात फक्त रेवाला माहीत आहे. आता तुम्हालाही सांगते.

इंदू वन्सं माझी नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण जन्मभर मी त्यांना अहो-जाहो केलं आणि त्यांनी मला वहिनी म्हणून अगं-तुगं केलं. आमच्यात तशीच रीत. माझे मालक इथे दिल्लीत सरकारी खात्यात होते, आर. के. पुरमला क्वार्टर होतं. ते अचानक गेले तेव्हा सुधीर आठ वर्षांचा होता. त्यांच्या जागी मला शिपायाची नोकरी मिळाली. मी तिसरी शिकलेली, हिंदी धड येत नाही, बसचा नंबर वाचता येत नव्हता. सासरचे म्हणाले परत ये गावाला. वन्संचा नवरा आधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. त्या एक ट्रंक घेऊन नवी दिल्ली स्टेशनावर उतरल्या आणि म्हणाल्या, "तू नोकरी कर, घर मी बघते." पंधरा दिवसांसाठी आल्या असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या गेल्याच नाहीत. सुधीरला त्यांनी वाढवलं. मी नुसती त्याची आई.

क्वार्टरमध्ये केबल आली तेव्हा एक अवकाशयानवाली मालिका लागायची. हिंदीत केलेली, मूळची कुठली परदेशी. संध्याकाळी साडेसहाला. मी ऑफिसातून सुटून, बस पकडून, घरी पोचायला पावणेसात. म्हणजे सुरुवात माझी कायमची चुकायची. त्या मालिकेची गंमत अशी होती की आधी एक छोटा तुकडा दाखवायचे, मिनिट-दोन मिनिटांचा, बहुतेक बिनबोलण्याचा. काही कळायचं नाही, नुसतं अंगावर काटा यायचा. आणि मग धाडकन वाजंत्री वाजून मालिकेचं नाव. आम्ही त्या नावाला पाटी म्हणायचो. वन्सं म्हणायच्या खरा जीव पाटी लागायच्या आधी आहे, पुढे मग नुसती पळापळ.

मी चपला काढून मोरीत पाय धुतेय तोवर त्या कणकेच्या हातानं सुरू. "वहिनी, आज काय झालं ऐक. एक पांढरं मैदान. मीठच मीठ. मधे एक माणूस बसलाय, पुढे किटली. जाळ नाही, काही नाही, आणि किटली उकळतेय!" किंवा त्या वाढदिवसाचं. पोरीचा वाढदिवस, सगळे हसतायत, पोरगी मेणबत्ती फुंकते, आणि खिडकीबाहेर एकेक चांदणी विझत जाते. हे सांगताना वन्संनी परातीतलं पीठ असं फुंकलं होतं की माझ्या तोंडावर आलं. आणि शेवटी पोळपाटावर लाटणं आपटून, "लागली पाटी!" सुधीर कॉलेजात होता तेव्हा, तो म्हणायचा, "आत्या, टीव्हीत एवढं नसतं गं." त्या म्हणायच्या, "तुला बघता येत नाही त्याला मी काय करू." पुढचा भाग मी बघायचे, पण मटार सोलत, अर्धी झोपेत. दिवसभर साहेबांच्या खोल्यांमधून पाण्याचे ग्लास नेऊन पाय भरून आलेले असायचे. मला आठवतं ते वन्संनी सांगितलेलंच.

मग सगळं बदलत गेलं. मी रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, काही वर्षं मुनिरकाला दोन खोल्यांत काढली, आता सुधीरबरोबर गुरुग्रामला नवव्या मजल्यावर. वन्संना साखर होती, ती डोळ्यांत उतरली. आधी डावा, मग उजवा. डॉक्टर म्हणाले उशीर झाला. उशीर झाला त्यात माझाही हात आहे, त्या सांगायच्या धूसर दिसतं आणि मी म्हणायचे आपलं वय झालं आता... पण ते जाऊ दे. शेवटच्या तीन वर्षांत त्यांना नुसता उजेड कळायचा. त्यांना अंघोळ, गोळ्या, इंजेक्शन, ताटात भाजी कुठे आणि चटणी कुठे हे सांगणं, सगळं मी करायचे. माझे गुडघे गेलेले. तक्रार नाही करत, त्यांनी माझ्यासाठी केलं त्याच्या पासंगाला पुरणार नाही. जे होतं ते सांगते.

गेल्या दिवाळीनंतर हवा खराब झाली, खिडक्या बंद, खाली फिरणं बंद. रेवानं ती जुनी मालिका कुठून तरी शोधून टीव्हीवर लावून दिली. रोज दुपारी जेवणं झाल्यावर एक भाग. बोलणं वन्संना ऐकू यायचं, पण पाटीआधीच्या तुकड्यात बोलणंच नाही. मग त्या विचारायच्या, "काय दिसतंय वहिनी?"

"माणूस."

"कसा माणूस?"

"दोन पायांचा."

"अगं, करतोय काय?"

"उभाय."

त्या कपाळाला हात लावायच्या. "तुला कुणी लग्नाला पाठवलं तर तू येऊन सांगशील, दोघं होते, जेवले." रेवा घरी असली की खो खो हसायची. मीही हसायचे. एकदा मी म्हटलं अंधार आहे. तर म्हणे, "अंधार कसला? ढगांचा, विहिरीतला, की लाइट गेल्यावरचा?" मला काय माहीत कसला. मी आपली डोळे फाडून बघायची आणि तोंडात शब्द यायचा नाही. यानातलं ते यंत्र, त्या नळ्या, त्याला काय म्हणायचं? आणि खरं सांगू, मला लाज वाटायची. सत्तरी ओलांडली तरी शाळेत उभं केल्यासारखं वाटायचं. दिवसभर मी त्यांचे डोळे, वर ही परीक्षा. मनात यायचं, एवढं एक मिनिट तरी मला सोडा.

रिमोटवर एक बटण आहे. एकदा दाबलं की दहा सेकंद पुढे जातं. रेवानंच दाखवलं होतं. एका दुपारी मेथी निवडता निवडता माझा हात त्यावर पडला, दोन-तीनदा दाबलं गेलं आणि वाजंत्री वाजली. वन्सं म्हणाल्या, "हे काय, आज पाटीआधी काहीच नाही?" मागे कसं न्यायचं मला येत होतं. पण मी म्हटलं, "नाही वन्सं. आज थेट पाटी." त्या म्हणाल्या, "असेल बाई. आळशी झाले असतील लोक."

इतकं सोपं होतं ते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दाबलं. तिसऱ्या दिवशी पण. मग रोजचंच झालं. त्या विचारायच्या, मी सांगायचे थेट पाटी. काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं. मला बरं वाटलं. मला वाटलं, विसरल्या.

त्या रविवारी शेवटचा भाग होता. रेवानं मालिका लावली आणि ती आत डोकं धुवायला गेली. वन्सं खुर्चीत सरळ बसल्या, शाल सारखी केली. म्हणाल्या, "आज शेवटचा ना?"

"हो."

"आज तरी सांग वहिनी."

मी ते 'आज तरी' ऐकलं. माझ्या कानांना काही झालं नव्हतं. पण हाताला सवय लागली होती. मांडीवर गवारीचं ताट होतं. मी बटण दाबलं, दाबत राहिले, वाजंत्री लागली. म्हटलं, "काही नाही वन्सं. थेट पाटी."

त्यांनी शाल पुन्हा सारखी केली. मग म्हणाल्या, "बरं." तेच शेवटचं.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर रेवा माझ्याजवळ येऊन बसली. तिनं सहज विचारलं, "आजी, लास्ट एपिसोडचं पाटीआधीचं आत्याआजीला कसं वाटलं? मी बाथरूममध्ये होते ना."

मी म्हटलं, "का ग?"

"तेवढं एकच त्यांनी बघितलं नव्हतं. बाकी सगळे त्यांना पाठ होते."

मी म्हटलं, "तुला कसं माहीत?" ती म्हणाली, "त्यांनीच तर मला शोधायला सांगितलं होतं. म्हणाल्या, तुझ्या आजीनं एकाचीही सुरुवात पाहिली नाही, ऑफिसमुळे. तिला दाखवायचंय. पण तिला सांगू नकोस, म्हणेल माझ्यासाठी कशाला."

आता बघा. ते सगळे तुकडे त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं राहून स्वतःच सांगितले होते, किटलीचा, मेणबत्तीचा. त्यांना माहीत नसेल तर कुणाला माहीत असेल? हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मला वाटत होतं मी त्यांना दाखवतेय. त्या मला दाखवत होत्या. आणि मी बटण दाबत होते.

मी रेवाला विचारलं, "मी पुढे ढकलत होते हे कळलं असेल का त्यांना?"

तिनं रिमोटकडे बघितलं. मग म्हणाली, "आजी, ते बटण दाबलं की टीव्हीतून टक-टक आवाज येतो. त्यांना तर ऐकूच यायचं फक्त." आणि मग, "एकदा म्हणाल्या होत्या मला. दाबू दे, वहिनीचे गुडघे दुखत असतील."

वन्संनी शेवटचा का पाहिला नव्हता, ते मला मग आठवलं. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून जरा लवकर सुटले होते, बसमधून उतरत होते आणि बस सुटली. मी पडले. शेजारच्या सरदारनीबाईंनी मालिका लागायच्या आधीच घरी जाऊन सांगितलं. वन्संनी टीव्ही तसाच चालू टाकला, डाळ गॅसवर, एका पायात त्यांची चप्पल, एका पायात सुधीरची, अशा धावत आल्या. सरकारी दवाखान्याच्या रांगेत माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्या पायाला प्लॅस्टर चढेपर्यंत रात्र झाली. रिक्षात म्हणाल्या, "आज शेवटचा होता ग. जाऊ दे, पुन्हा लावतील." टीव्हीवाल्यांनी पुन्हा नाही लावला. माझ्यामुळे एकच तुकडा राहिला होता त्यांचा. तोच त्यांनी मागितला, आणि मी नाही म्हटलं.

सुधीर म्हणतो, आई, टीव्हीचं एवढं काय घेऊन बसलीस, तू तिची किती सेवा केलीस. केली. ती कुणीही केली असती, पैसे देऊन बाई ठेवली असती तरी झाली असती. मला रडू येत नाही, मालक गेले तेव्हाही फार आलं नव्हतं.

परवा मी एकटीनं तो भाग लावला आणि काही न दाबता बघितला. पुन्हा मागे नेऊन बघितला. सहा-सात वेळा. आता सांगते, वन्संना सांगायला हवं होतं तसं.

आधी अंधार आहे. कसला, तर तव्याच्या खालच्या बाजूसारखा, काळा पण जरा चमक असलेला. त्यात एक चौकोनी उजेड, ती खिडकी आहे, आपण बाहेरून बघतोय. आत एक बाई. केस बारीक कापलेले, वय वैशालीएवढं असेल, अंगात राखाडी स्वेटर, कोपराला विरलेला. ती काचेजवळ तोंड नेते आणि श्वास सोडते. काच धुरकट होते. त्यावर ती बोटानं काहीतरी काढते, पण काढून होईतो धूर विरतो. पुन्हा श्वास सोडते, पुन्हा काढते, पुन्हा विरतो. तिला राग येत नाही. तिसऱ्यांदाही तसंच करते. मग आपण मागे मागे जातो आणि तिची खिडकी लहान होते. शेजारी दुसरी खिडकी दिसते, मग तिसरी, मग आमच्या सोसायटीच्या टॉवरसारख्या शेकडो, सगळ्या काळ्या. उजेड तिच्या एकटीचा. आणि आता अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, लांबवर, एका काळ्या काचेवर धूर उमटतो. आतून कुणीतरी श्वास सोडला. त्या बाईला ते दिसत नाही. आपल्याला दिसतं.

आणि पाटी लागते.

त्याचा अर्थ मला नाही सांगता येत, वन्संनी सांगितला असता. मी तिसरी शिकलेली बाई, तुमच्याकडे एवढंच मागते. तुमच्या घरात कुणाला दिसत नसेल, तर हा खिडकीचा तुकडा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. घाई करू नका. मधे त्यांनी काही विचारलं, तर थांबा आणि सांगा.