चादरीत बांधलेला मॉनिटर

पोलीसखात्यात पस्तीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे आता विसरलो आहे. एक प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. गंमत अशी की त्यात गुन्हाच नव्हता.

निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. इंदूरच्या जुन्या भागात, मल्हारगंजकडे, एका ठाण्याचा मी टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. मे महिन्यातली सकाळ. हजेरी नुकतीच आटोपली होती आणि पन्नाशीच्या आसपासचे एक मराठी गृहस्थ आत आले. वडील काल सकाळपासून घरी नाहीत, म्हणाले. वय चौऱ्याहत्तर, सरकारी कचेरीतून निवृत्त, मधुमेही. रोजचं इन्सुलिन फ्रिजमध्येच राहिलेलं आणि मोबाइल उशीखाली.

"घरात काही बोलाचाली?" मी विचारलं.

"बिल्कुल नाही साहेब. बाबा तर घरात असून नसल्यासारखे असतात."

बेपत्ता माणसाच्या नोंदीला आमच्याकडे गुमशुदगी म्हणतात. ती लिहून घेतली, वायरलेसवर वर्णन दिलं, स्टेशन, बसस्टँड, इस्पितळं, मंदिरं बघायला माणसं पाठवली. इन्सुलिनवरचा म्हातारा माणूस मे महिन्याच्या उन्हात किती टिकेल याचा हिशोब प्रत्येक जण मनात करत होता. तो दिवस तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली ती त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावणाऱ्या पोहेवाल्याकडून. "साब, काका को तो मैंने परसों सुबे देखा था. चद्दर में टीवी बांध के ले जा रिये थे. मैंने बोला, काका, वजन है, घर से भिया को बुला लो. वो तो निकल लिये."

आमचे हेडसाहेब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, लगेच म्हणाले, "साहब, मामला सीधा है. बेटे ने निकाल दिया बाप को, बोरिया-बिस्तर समेत." हेडसाहेबांना प्रत्येक मामला सीधाच दिसायचा, आणि पंचवीस वर्षांत ते चार-पाच वेळा बरोबरही निघाले होते.

मुलाला बोलावून घेतलं. दीड तास चौकशी केली, आणि मी गोड बोललो नाही. घरातून वस्तू गेली, ती का लपवलीत? म्हाताऱ्याला काय बोललात? घर कोणाच्या नावावर आहे? तो आधी चिडला, मग रडकुंडीला आला. "टीव्ही भिंतीवर आहे साहेब. येऊन पाहा ना." शेवटी उठून गेलो.

टीव्ही खरोखर भिंतीवर होता. म्हाताऱ्याच्या खाटेवर चादर तेवढी नव्हती. मी घरभर फिरत होतो आणि सतरा-अठरा वर्षांची नात दाराआडून माझ्याकडे बघत होती. पोलीस घरात आले की बाकीचे पुढे येऊन बोलतात. ज्याला खरं काही ठाऊक असतं, तो दाराआड उभा राहतो. क्लासेसच्या भंवरकुआं भागात तिचं कोचिंग चालू होतं आणि टेबलावर तिचा कॉम्प्युटर होता.

"बेटा, हा नवा घेतला का?"

"नाही अंकल. आजोबांचा होता. पप्पांनी रविवारी फॉर्मॅट करून मला दिला, एग्झामच्या तयारीसाठी. स्क्रीन तेवढी नवी आणली."

"आणि जुनी स्क्रीन?"

तिने माळ्याकडे बोट दाखवलं. माळा रिकामा होता. मुलगा म्हणाला, "अरे, ती तर बुधवारी कबाडीवाल्याला द्यायची होती." मग त्याच्याच लक्षात आलं, वडील गेले तो वार बुधवारच होता.

पोरीला रडू फुटलं. "माझ्यामुळे गेले ते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिला पाणी दिलं, बापाला बाहेर बसवलं आणि सावकाश विचारलं.

म्हाताऱ्याच्या पत्नीला घशाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं आणि आवाज गेला. त्या स्वतः एके काळी टायपिस्ट होत्या, म्हणून घरात हा कॉम्प्युटर आला. अकरा महिने त्या एकाच फाइलमध्ये मराठीत टाइप करत राहिल्या. काका मागे उभे राहून पडद्यावर वाचायचे आणि तोंडी उत्तर द्यायचे. त्या गेल्याला चार वर्षं झाली होती. त्यानंतर काका रोज दुपारी ती फाइल नातीकडून उघडून घेत आणि बसून वाचत.

"पप्पांनी त्यांना विचारलं होतं अंकल," ती म्हणाली. "बाबा, यातलं काही ठेवायचंय का, म्हणून. तर ते म्हणाले, डबा घेऊन जा, त्याचं काय करायचं ते करा. फक्त स्क्रीनला हात लावू नका. पप्पांना वाटलं, स्क्रीन टाकायला जीव होत नाहीये."

आता माझ्या लक्षात आलं. अकरा महिने आणि वर चार वर्षं त्यांनी बायकोचं बोलणं त्या काचेवर वाचलं होतं. टेबलाखालच्या सीपीयूच्या डब्याशी त्या बोलण्याचा काही संबंध आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"मंगळवारी संध्याकाळी म्हणाले, माळ्यावरून माझी स्क्रीन काढ आणि आजीचं पान उघड. मी म्हटलं, आजोबा, ते सगळं उडालं, फॉर्मॅट केलं ना. ते म्हणाले, स्क्रीनमध्ये आहे ते. आणि अंकल, मी हसले. म्हटलं, स्क्रीन में कुछ नहीं होता, आजोबा."

घरात भांडण झालं नव्हतं, हे मुलाने खरंच सांगितलं होतं. 

पुढचं काम दोन तासांचं होतं. शोध आता नुसत्या म्हाताऱ्याचा नव्हता, चादरीत मॉनिटर बांधून फिरणाऱ्या म्हाताऱ्याचा होता. जेल रोडवर कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं ओळीने आहेत. पहिल्याच दुकानात माग लागला. आले होते, यातलं लिहिलेलं काढून द्या म्हणत होते, आम्ही सांगितलं यात काही नसतं. दुसऱ्या दुकानातही तेच, आणि पाचव्यातही. कोणी हसून सांगितलेलं, कोणी हात जोडून. सातव्या दुकानाच्या पायरीवर ते बसलेले सापडले. ओठ सुकलेले, पाय सुजलेले, गाठोडं मांडीवर. दोन्ही रात्री धर्मशाळेत झोपले होते.

मी मराठीत नमस्कार केला तेव्हा त्यांनी मान वर केली. "टीआय साहेब, सगळे म्हणतात यात काही नसतं. मी यातच वाचलंय हो. घरी कसा जाऊ? घरी गेलो की ही कबाडीत जाणार."

इस्पितळात दाखल केलं. माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी तिथेच जबाब झाला, कारण माणूस सापडला की जाण्याचं कारण लिहून कागद बंद करावा लागतो. अशा प्रकरणांत आम्ही दोनच कारणं लिहीत असू, एक घरगुती वाद आणि दुसरं मानसिक हालत ठीक नाही. वाद नव्हता. हेडसाहेबांनी दुसरं लिहिलं आणि मी सही केली. काकांची हयात कचेरीत गेलेली, त्यांनी कागद पूर्ण वाचला. त्या ओळीवर त्यांचा चष्मा बराच वेळ थांबला. मग त्यांनी सही केली.

ते थांबणं मला टोचत राहिलं. कागद बंद झाला होता, तरी मी नातीकडून डबा मागवला आणि सायबर शाखेतल्या माझ्या ओळखीच्या सब-इन्स्पेक्टरकडे पाठवला. तो म्हणाला, "साहब, फॉर्मॅट से सब नहीं जाता. पर पांच दिन से इस पर लेक्चर डाउनलोड हो रहे हैं. जितने पर नया लिख गया, वो गया." आठवड्याने त्याने साडेचार कागद छापून दिले. मधली मधली अक्षरं फुटलेली, ओळी अर्ध्या तुटलेल्या.

काकांना ठाण्यात बोलावलं. मुलगा आणि नात सोबत आले. मी कागद पुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, पहिली ओळ वाचली आणि मोठ्याने म्हणाले, "हो, उठलो कधीचाच."

आधी मला कळलंच नाही. मग कागदाकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, उठलात का.

दूध आलं?

"आलं. तापवलं पण."

आज दुखणं जरा कमी आहे.

"बरं झालं. डॉक्टर म्हणालेच होते."

सुनेला बोलू नका, ती दमली आहे.

"नाही बोलत."

तुम्ही जेवत नाही, मला कळत नाही असं वाटतं का?

इथे ते थांबले. "जेवतो गं," म्हणाले.

उद्या दवाखान्यात जाताना माझी ती हिरवी, आणि पुढे कागद कोरा होता.

"शाल," काका म्हणाले. "घेतली होती. पिशवीत वरच ठेवली होती."

हेडसाहेब कधी बाहेर गेले ते मी पाहिलं नाही. नात आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवत पुढचं वाचत होते. साडेचार कागद संपल्यावर त्यांनी विचारलं, "बाकीचं?"

"इतकंच मिळालं, काका." मेलेल्यांची ओळख पटवायला मी कितीतरी आईबापांना शवागारात नेलं आहे. हे वाक्य मला त्याहून जड गेलं.

या प्रकरणाने माझी चौकशीची रीत बदलली. पुढे प्रत्येक गुमशुदगीत मी भांडणाआधी विचारत असे की महिनाभरात घरात नवं काय आलं आणि जुनं काय गेलं. हाताखालच्यांनाही तेच शिकवलं. पण खरा धडा वेगळा होता, आणि तो मला उशिरा मिळाला. जबाबावर सही आली म्हणजे माणसाला तो मान्य आहे, असं मी जन्मभर धरून चाललो. काकांनी सही केली ती मान्य होतं म्हणून नाही. तीन दिवस सात दुकानांत सांगून झालं होतं, आठव्यांदा पोलिसांना सांगायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

पुढे मी ती ओळ बदलायचा प्रयत्न केला. बंद झालेल्या कागदात दुरुस्ती होत नाही, असं उत्तर आलं. काका आता नाहीत. ती फाइल त्या ठाण्याच्या कपाटात असेल आणि तिच्यात माझ्या सहीनिशी लिहिलेलं असेल की त्या इसमाची मानसिक हालत ठीक नव्हती. ते खोटं आहे. तिथे खोडता आलं नाही म्हणून इथे लिहितो, की ते गृहस्थ पूर्ण शुद्धीत होते आणि बायकोचं बोलणं शोधत होते.