लढाऊ विमानाचा मुहूर्त

लढाऊ विमान कसं निवडावं, हे माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावांनी, एका दुपारी चहाचा कप संपायच्या आत ठरवून टाकलं. घराला लागूनच आमची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. तिच्या ऑफिसातल्या गादीवर त्यांनी कॉम्प्युटरच्या दुकानातून छापून आणलेली रंगीत पानं पसरली होती. गादीवर ते स्वतः, वणीला कोळशाचे ट्रक चालवणारे त्यांचे एक मित्र आणि माझा नवरा. मी दारात उभी, कारण कोणी बस म्हटलं नव्हतं. मुलगी पाहायला गेलेली मंडळी बसतात तसे हे तिघे बसले होते आणि तेच पाहत होते: रंग, नाक, उंची. एका विमानाच्या नाकावर शार्क माशाचे दात रंगवलेले होते. भासऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे पाह्य. तोंड पाह्य त्याचं. मले हेच पाहिजे."

"आवाज करते का पन?" मित्रांनी विचारलं.

आवाज करतं असं कळल्यावर निवड पक्की झाली. ते उडतं कसं, उतरतं कसं आणि उडवणार कोण, हे कोणालाही विचारावंसं वाटलं नाही.

ही त्या वर्षांतली गोष्ट, जेव्हा कापसाला भाव नव्हता आणि यवतमाळचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत नको त्या कारणानं छापून येत होतं. एरवी दिवाळीच्या सुमाराला दिग्रसच्या आमच्या आवारात बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागायची, कापसाच्या गंजी माडीएवढ्या उंच व्हायच्या. आता आवार रिकामं होतं. मुरूम दाबून केलेली लांबलचक सपाट जमीन, मध्ये एकही झाड नाही. ज्यांच्या घरून गाड्या यायच्या त्या घरांत काय चाललं होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अशा वेळी आमच्या घरातला कर्ता पुरुष माशाच्या दातांवर भाळला होता. मला त्याची किळस आली होती. तरी खरं सांगायचं तर त्या रिकाम्या आवारात सगळ्यात आधी विमान उडवलं ते मीच.

माझं माहेर यवतमाळचं, कचेऱ्यांतून नोकऱ्या करणाऱ्यांचं. दिग्रसच्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे. हवा पंखाला कशी उचलून धरते, हे फळ्यावर काढून काढून कंटाळले, तेव्हा नागपुरातल्या एका दुकानातून रिमोटचं पहिलं विमान घेऊन आले. सासरी त्याला 'तिचं खेळणं' म्हणत. भासरे माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी नवऱ्याला सांगत, "तिले म्हणा, गावात लोक हसून राह्यले." गाव हसत नव्हतं. रविवारी सकाळी गाव फाटकाशी उभं राहून तोंड उघडं टाकून वर पाहत असे.

पहिलं विमान घ्यावं ते पंख वर असलेलं. दिसायला बावळट, पण गुणी. रिमोटवरचा हात काढला तरी आपोआप सरळ होतं, शिकणाऱ्याच्या चुका पोटात घालतं. दुसरं घ्यावं ते पंख खाली असलेलं. ते जितकं वळवाल तितकंच वळतं आणि तसंच राहतं, सरळ करायचं काम आपलं. आडवा वारा असताना ते नीट उतरवता आलं की मग तिसरं, लढाऊ. जुन्या महायुद्धातल्या विमानांची ही छोटी रूपं देखणी असतात, पण वजनाला भारी, चाकं जवळजवळ, आणि वेग जरा कमी झाला की न सांगता एक पंख खाली टाकून जमिनीवर आपटतात. दोन वर्षांत दोन पायऱ्या मी चढले होते. चाकांत अडकलेले कापसाचे धागे पिनेनं काढत, मोडलेले पंख चिकटवत चढले होते. आता मला लढाऊ विमान उडवायचं होतं. त्या काळात दुसरं काही हवं होतं असं मला आठवत नाही. त्यासाठी एक मोठं इंजिन घेऊन कपाटात साड्यांच्या खाली फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं.

भासऱ्यांचं विमान खोक्यातून आलं ते इंजिनाशिवाय. असं काही वेगळं घ्यावं लागतं, हे छापील पानावर दातांच्या मागे कुठंतरी लिहिलेलं असणार.

"भाऊ म्हणून राह्यले, इंजिन हाय ना आपल्या घरी," नवरा म्हणाला.

एकत्र घरात 'आपल्या' म्हटलं की विषय संपतो. मी इंजिन दिलं, पण उगाच नाही. मला वाटलं, विकत घ्यायचं काम त्यांचं, नारळ फोडायचं काम त्यांचं, उडवायची वेळ आली की रिमोट माझ्याच हातात येणार. घरात दुसऱ्या कोणाला उडवता तरी कुठं येत होतं? मग मी कॉलेजातून आल्यावर स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून विमान जोडलं. पंखांखाली दोन बोटं धरून ते तोललं की नाक किंचित खाली झुकायला हवं. शेपूट जड झालं तर विमान वर जातं खरं, पण मग कोणाचं ऐकत नाही. नाकात शिशाचे बारके तुकडे बसवत मी तोल जमवला. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

दसऱ्याला आमच्याकडे काट्याची पूजा असते. हंगामातली पहिली कापसाची गाडी वजनकाट्यावर येते, गाडीवानाला शेला-टोपी देतात, नारळ फुटतो आणि खरेदीचा मुहूर्त होतो. त्या दसऱ्याला गाडीच आली नाही. पूजा मांडलेली, पाहुणे जमलेले, पेढ्यांची खोकी उघडलेली, आणि काटा रिकामा. दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती. भासऱ्यांना कल्पना सुचली. त्यांनी काट्यावर विमान ठेवायला लावलं.

माशाच्या दातांना हळदीकुंकू लागलं. पंखांवर झेंडूचे हार चढले. मग वणीच्या मित्रांनी खिशातून लिंबू-मिरची काढली. नाकाला पंखा असल्यामुळे तिथं बांधता येईना, म्हणून त्यांनी ती शेपटीला बांधली. चांगलं टपोरं लिंबू आणि खाली मिरच्यांची माळ. वर झेंडूचा एक हार शेपटीलाच गुंडाळला, शोभेसाठी.

"ते लिंबू काढा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "हारही काढा. शेपूट जड झालंय, विमान पडेल."

भासऱ्यांनी मित्रांकडे बोट दाखवत नवऱ्याकडे पाहिलं. "तिले सांग, यायच्या साऱ्या ट्रकायले लिंबू बांधलं हाय. ट्रक पडते का?"

पाहुणे हसले. मित्रांचं तर पोट हललं.

"ट्रक उडत नाही," मी म्हटलं.

यावर कोणी हसलं नाही. भासऱ्यांनी पंखांवरचे हार तेवढे काढायला लावले, विमान मुरमावर ठेवायला लावलं आणि नवऱ्यापुढे हात केला. नवऱ्यानं माझ्या हातातून रिमोट घेतला आणि त्यांना दिला. मुहूर्त घरच्या कर्त्याच्या हातानं होतो, म्हणे. ज्या माणसानं आयुष्यात टीव्हीच्या रिमोटपलीकडे काही दाबलं नव्हतं, त्याच्या हातात माझं इंजिन, माझा तोल आणि माझी ती दोन वर्षं गेली. मला रडू आलं, संतापानं येतं तसलं.

विमान धावलं आणि उठलं. उठलं ते नाक वर करत करत सरळ उभं राहिलं, क्षणभर हवेत लटकलं आणि एक पंख टाकून काट्याच्या कठड्यावर येऊन फुटलं. ते पडत होतं तेव्हाही दोघं-तिघं टाळ्या वाजवत होते. त्यांना ती कसरत वाटली.

"नजर लागली," भासरे म्हणाले, आणि नजर कोणाची ते सांगायची गरज नव्हती, कारण सगळे माझ्याचकडे पाहत होते. मित्रांनी तुकड्यांच्या ढिगातून लिंबू शोधून काढलं. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. "पाह्य ना बावा, याच्यात पावर हाय," म्हणत त्यांनी ते नेऊन आपल्या ट्रकला बांधलं. मी त्याच ढिगातून माझं इंजिन उचललं, मुरूम पुसला आणि घरात नेलं. तेही शाबूत होतं.

दिवाळीनंतर भासऱ्यांनी दुसरं विमान मागवलं. आधीच्यापेक्षा मोठं, दातही मोठे. या वेळी ते स्वतः आमच्या खोलीच्या दाराशी आले. आत मी एकटीच होते, म्हणून भिंतीकडे पाहत म्हणाले, "इंजिन पाहिजे होतं."

"देते," मी म्हटलं. "पण उडवणार मी."

"मुहूर्त बाईमानसाच्या हातानं करत नसते."

"मग इंजिनही बाईमाणसाचं कशाला हवं?"

ते तसेच माघारी गेले. पुढच्या रविवारी आवाराच्या फाटकाला कुलूप होतं. चोरीची भीती, असं नवऱ्याकडून कळलं. त्या आवारातून मुरमाशिवाय काय चोरीला जाणार होतं, देव जाणे. दिग्रसच्या भोवती शेतांत कापसाची पऱ्हाटी आणि तूर उभी, शाळेच्या मैदानावर क्रिकेट, दुसरी सपाट जागा नाही. माझी दोन्ही विमानं माळ्यावर गेली.

मोठ्या दातांचं विमान भासऱ्यांनी इंजिनाशिवाय तसंच ऑफिसात गादीच्या वर छताला टांगलं. दर दसऱ्याला त्याला हार घालतात. मध्ये एक दिवस पुसदहून व्यापारी आले होते. मान वर करून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "जबरदस्त हाय. उडवता येते का हो कोणाले घरात?"

मी चहा घेऊन आत आले होते.

"कोणालेच नाही," भासरे म्हणाले, आणि माझ्या हातातल्या ट्रेमधून कप उचलला.